नांदूर मध्यमेश्वरचे कुरव : नोव्हेंबर ते एप्रिल

यंदा जानेवारीत नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात एक मोठा कुरव (इंग्रजीत गल) दिसला, मी त्याची नोंद ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकली, ती अडकली, मग प्रश्न आले, आणि सगळं मार्गी लागेपर्यंत मार्च उजाडला. या काळात कुरवांच्या पिसांबद्दल जे शिकायला मिळालं ते मराठीत एका जागी मला कुठे सापडलं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय. नाशिकमधलं कुणी कुरवांच्या नादी लागणार असेल तर निदान कुठून सुरुवात करायची ते कळेल.

सुरुवात झाली दिवाळीनंतर. आमच्या बिल्डिंगमधले काका एसटीतून रिटायर झालेत, त्यांच्याकडे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं बघायची छोटी दुर्बीण-नळी आहे आणि माझ्याकडे साडेआठ हजारांची ८x४२ दुर्बीण आणि भावाचा जुना सुपरझूम कॅमेरा. पहाटे साडेपाचला निघायचं, चांदोरी-सायखेडा मार्गे चापडगाव, तासाभरात पोचतो. पेट्रोल, तिकीट, परत येताना मिसळ असं धरून दोघांत सहाशे-सातशे रुपये जायचे. चापडगावला अभयारण्याच्या गेटवर माणशी तिकीट वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं, गाडीचं वेगळं, रेट बदलत असतात म्हणून आकडा लिहीत नाही, पण सुट्टे पैसे सोबत ठेवाच, कारण तिथे मोबाईलला रेंज येते-जाते आणि पहाटे ऑनलाइन पैसे जातीलच असं नाही. आणि कपडे नीट घाला हो. निफाडची थंडी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, जानेवारीत द्राक्षबागांमध्ये शेतकरी रात्रभर शेकोट्या पेटवून ठेवतात, सकाळी सगळ्या रस्त्यावर तो धूर असतो आणि आपले हात स्कोपच्या रिंगवर फिरतच नाहीत.

नांदूरला कुरव का येतात तेही सांगते, कारण ते कुठे उभे राहतात हे त्यावरच ठरतं. गोदावरी आणि कादवाच्या संगमावर १९०७ ते १९११ च्या दरम्यान बंधारा बांधला, त्यामागे शंभर वर्षं गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती असं सगळं तयार झालं. २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि कुरव आणि सुरय (इंग्रजीत टर्न) त्यावर एका रांगेत, सगळे वाऱ्याकडे तोंड करून बसतात. कुरव बघायचे तर हाच दिवस. पाणी भरलेलं असेल तर ते लांब मधोमध तरंगत असतात आणि काहीच हाती लागत नाही.

आपल्याकडे मुख्य दोन कुरव, काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, आणि हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं. कानापाशी काळसर ठिपका, लालसर चोच, लालसर पाय, दोघांनाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की तपकिरी डोक्याच्याचा डोळा फिकट आणि काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद. हे खरंय पण फक्त मोठ्या, वयात आलेल्या पक्ष्यांना लागू. पहिल्या वर्षाच्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचाही डोळा गडदच असतो. म्हणून काकांनी पहिल्याच दिवशी नियम करून टाकला, "जात नंतर, आधी वय सांग."

वय सांगायला पंख बघायचा. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाच्या पंखावर, पंखाच्या मनगटापासून अंगाकडे, तपकिरी पट्टा असतो, आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी. मोठ्या पक्ष्याचा पंख वरून स्वच्छ राखाडी, शेपटी पूर्ण पांढरी. हे दोन्ही कुरव साधारण दोन वर्षांत मोठ्यासारखे दिसायला लागतात, त्यामुळे इथे "पिल्लू की मोठा" एवढंच ठरवलं तरी पुष्कळ काम होतं. मोठ्या आकाराच्या कुरवांना चारेक वर्षं लागतात आणि दर वर्षी त्यांचं रूप वेगळं, म्हणून लोक त्यांना घाबरतात.

वय ठरलं की पंखाचं टोक. उडताना काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी, लांबूनसुद्धा पांढरी पाचर चमकते, काळं फक्त टोकांना. तपकिरी डोक्याच्याचं टोक चांगलं रुंद काळं आणि त्यात शेवटच्या दोन पिसांवर पांढरे ठिपके, त्यांना मिरर म्हणतात. खालून बघितलं तर त्याच्या पंखाचा बाहेरचा भाग काळपट दिसतो. पिल्लांमध्ये मिरर नसतात, पण काळ्या डोक्याच्याच्या पिल्लाला ती पांढरी पाचर थोडी मळकी का होईना असते, तपकिरी डोक्याच्याच्या पिल्लाला टोक सरसकट काळं. बसलेल्या पक्ष्यात यातलं जवळजवळ काही दिसत नाही, म्हणून बसलेल्यांपाशी वेळ घालवण्यापेक्षा घार किंवा दलदली हारिनसारखा शिकारी पक्षी येऊन सगळे उठेपर्यंत थांबायचं आणि तेव्हा बर्स्ट मोडवर फोटो काढायचे. शटर १/१६०० च्या खाली ठेवू नका, पंखाचं टोक पुसट येतं आणि नेमकं तेच हवं असतं.

डिसेंबर सगळा यातच गेला, आणि याच महिन्यात मोल्ट म्हणजे पिसं बदलण्याचा भाग डोक्यात शिरायला लागला. कुरवाच्या पंखाला बाहेरची उडायची दहा मोठी पिसं असतात, त्यांना प्रायमरी म्हणतात. आतून बाहेर मोजायची, पी-१ पंखाच्या मध्यावर आणि पी-१० अगदी टोकाला. जुनी गळतात तीही याच क्रमाने, आधी पी-१, शेवटी पी-१०, एकदम सगळी नाही, नाहीतर पक्षी उडणार कसा. मोठे पक्षी हा पूर्ण बदल विणीनंतर करतात, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटापासून शरद ऋतूपर्यंत. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंचावरच्या सरोवरांवर वीण करतो आणि आपल्याकडे येईपर्यंत त्याचं बरंचसं आटपलेलं असतं. पण लवकर आलेल्या एखाद्याची पी-९, पी-१० अजून वाढत असतील तर मिरर दिसणारच नाहीत, कारण मिरर असलेली पिसंच अर्धी आहेत! पंख आखूड, टोक बोथट दिसतं. मिरर नाहीत म्हणजे पिल्लू, असं झटकन म्हणायचं नाही, तपकिरी पट्टा आणि शेपटी बघायची.

दुसरी गोष्ट झीज. पिसातल्या काळ्या रंगद्रव्याने पीस मजबूत होतं, पांढरा भाग कमजोर असतो, त्यामुळे बसलेल्या कुरवाच्या पंखाच्या टोकांवर जे छोटे पांढरे ठिपके नोव्हेंबरमध्ये ठसठशीत दिसतात ते मार्चपर्यंत झिजून जवळजवळ जातात. तोच पक्षी, तीच पिसं. काका यासाठी वहीत प्रत्येक फोटोपुढे तारीख लिहायला लावायचे आणि मला ते आता पूर्ण पटतं, कुरवाच्या फोटोला तारीख नसेल तर तो निम्मा निरुपयोगी आहे.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, दर जानेवारीत देशभर पाणथळ जागांवर लोक पक्षी मोजतात. आम्ही दोघांनी नावं दिली. त्यासाठी अभयारण्यात लवकर आत जायची परवानगी लागणार होती म्हणून आठवडाभर आधी वनविभागाकडे अर्ज, सोबत आधारकार्डाच्या झेरॉक्स, गाडीचा नंबर आणि गणनेचं पत्र. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या, गेटवर तीच दाखवावी लागली. फॉर्ममध्ये जागेचं नाव, वेळ, पाण्याची स्थिती, जागेला असलेले धोके असं सगळं भरायचं, मग पक्ष्यांचे आकडे. त्यात न ओळखलेले कुरव अशीही नोंद करता येते आणि ती बिनधास्त करा. लांब बसलेले कुरव अंदाजाने एका जातीत ढकलण्यापेक्षा तिथे आकडा लिहिणं शंभरपट बरं, कारण कुणीतरी पुढे त्या आकड्यांवरून निष्कर्ष काढणार आहे.

त्या दिवशी नऊच्या सुमारास, चिखलाच्या पट्ट्यावर, तपकिरी डोक्याच्या कुरवांच्या रांगेत एक मोठा कुरव उभा. बाकीचे त्याच्यापुढे लहानखुरे दिसत होते. सोबतचे चापडगावचे गाईडदादा म्हणाले, "ताई, हा नेहमीचा नाही." पाठ गडद राखाडी, पाय पिवळे, चोच पिवळी आणि खालच्या बाजूला लाल ठिपका, मानेच्या मागे बारीक तपकिरी रेघा. म्हणजे वयात आलेला, हे नक्की. माझ्या छातीत धडधडत होतं आणि कॅमेरा हलत होता, शेवटी कॅमेरा काकांच्या खांद्यावर टेकवून फोटो काढले. अर्ध्या तासाने तो उडाला आणि पंख उघडल्यावर दिसलं की पंखाचं टोक विचित्र आहे, आतली पिसं नवी काळीकुळीत, आणि बाहेरची दोन अर्धवट, आखूड. जानेवारीच्या मध्याला पी-९ आणि पी-१० अजून वाढत होती.

पलासचा कुरव ही दुसरी जातही मोठी असते आणि ती महाराष्ट्रात येते, त्यामुळे आधी ती बाद करायची होती. ते सोपं गेलं. पलासची पाठ फिकट राखाडी, कपाळ लांब उतरतं, डोळ्याच्या वरखाली पांढऱ्या चंद्रकोरी, डोळ्यामागे गडद डाग, चोचीवर काळी पट्टी, आणि पंखाच्या टोकाला पांढरं भरपूर. यातलं काहीच नव्हतं.

संध्याकाळी ईबर्डवर चेकलिस्ट भरताना लेसर ब्लॅक-बॅक्ड गल (गडद पाठीचा मोठा कुरव) निवडला तर लगेच दुर्मिळ म्हणून खूण आली आणि तपशील मागितला. घाबरायचं कारण नाही, हे आपोआप होतं, त्या भागात त्या महिन्यात जी जात अपेक्षित नाही तिला ही चाळणी लागते आणि मग एक स्वयंसेवक परीक्षक ती नोंद बघतो. तपशिलात "स्पष्ट दिसला, खात्री आहे" असं लिहून उपयोग नाही. काय दिसलं ते लिहायचं, पाठीचा रंग कुणाशी तुलना करून, पायांचा रंग, चोच, पंखाच्या टोकाची स्थिती, अंतर, उजेड कुठून होता. फोटो वेबसाइटवरून चढवले, रंग-उजेड काही न बदलता, आणि ज्यात शेजारी तपकिरी डोक्याचा कुरव आहे असे मुद्दाम निवडले. पाठीचा राखाडी रंग ओळखायला शेजारचा पक्षी लागतोच, कारण उन्हाच्या कोनाने आणि कॅमेऱ्याच्या एक्सपोजरने तीच पाठ फिकट किंवा काळपट येते. ढगाळ दिवसाचे फोटो यासाठी सगळ्यात भरवशाचे.

मग काही नाही. दहा-बारा दिवस मी रोज उघडून बघत होते. जानेवारीच्या शेवटी परीक्षकांचा मेल आला, अगदी सभ्य, की कॅस्पियन गल (फिकट पाठीचा दुसरा मोठा कुरव) कसा वगळला ते सांगाल का, आणि उघड्या पंखाचे अजून फोटो असतील तर टाका. माझं त्या संध्याकाळी जेवणात लक्ष नव्हतं. परीक्षा असल्यासारखं वाटत होतं, पण दोन दिवसांनी लक्षात आलं की हा माणूस, जो कोण आहे तो, फुकट, स्वतःच्या वेळात माझे फोटो बारकाईने बघतोय.

उत्तर देण्याआधी मला हे पक्षी जिथे नेहमीचे आहेत तिथे बघायचे होते, म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला अलिबागजवळच्या अक्षीला जाऊन आले. सकाळची पंचवटी एक्सप्रेस, दादर-सीएसएमटी, गेटवेवरून मांडव्याची बोट, पुढे बस आणि शेवटी रिक्षा. मुक्काम धरून अडीच हजारांत झालं. भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा. ओहोटीला कुरव एवढ्या लांब जातात की स्कोपशिवाय मजा नाही, भरती चढायला लागली की पाणी त्यांना आपल्याकडे ढकलतं, तेव्हा वाळूवर शांत बसून राहायचं. आणि कोळ्यांच्या होड्या लागतात तिथे थांबा, मासळीवर कुरव अगदी जवळ येतात, वरून खालून सगळा पंख दिसतो.

तिथे मोठे कुरव एका नजरेत कित्येक होते आणि त्या गर्दीत बसून मला मोल्टचा खरा उपयोग कळला. ह्युग्लिन कुरव हा लेसर ब्लॅक-बॅक्डचाच एक प्रकार, तो रशियाच्या उत्तरेच्या टुंड्रात वीण करतो. तिथे उन्हाळाच उशिरा, म्हणून वीण उशिरा, म्हणून पिसं बदलणं उशिरा सुरू, त्यात मध्येच हजारो किलोमीटरचा प्रवास, मग उरलेली पिसं इथे येऊन बदलतो आणि जानेवारी-फेब्रुवारीतही त्याची शेवटची प्रायमरी वाढत असतात. कॅस्पियन दक्षिणेकडे, काळ्या समुद्रापासून कझाकस्तानपर्यंत, लवकर वीण करतो, लवकर सुरुवात करतो आणि साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत मोकळा होतो. जानेवारीच्या मध्याला ताजा, पूर्ण पंख आणि फिकट पाठ असेल तर कॅस्पियनचा विचार करायचा. स्टेप गल म्हणून जो प्रकार आहे तो या दोघांच्या मधला, पाठ ह्युग्लिनपेक्षा जरा फिकट, मोल्ट जरा लवकर, आणि तोच सगळ्यात जास्त त्रास देतो. शाळेच्या निकालावरून मुलाचा जन्ममहिना सांगण्यासारखं आहे ते, अंदाज येतो पण पैज लावू नये.

परत आल्यावर उत्तर लिहिलं. पाठ कॅस्पियनसाठी फारच गडद, मानेवर रेघा, आणि पी-९, पी-१० वाढत असलेली, तारखेसकट. उघड्या पंखाचे तीन फोटो जोडले, त्यातला एक पुसट होता पण पिसांची लांबी त्यातच नीट मोजता येत होती म्हणून तोही दिला. पुसट फोटो फेकू नका, कुठला कामाला येईल सांगता येत नाही. ह्युग्लिन की स्टेप, याबद्दल मी लिहिलं की मला ह्युग्लिनकडे कल वाटतो पण एकाच पक्ष्याच्या मोल्टवरून ठाम म्हणवत नाही. परीक्षकांनीही तेच सुचवलं, की नोंद लेसर ब्लॅक-बॅक्ड याच पातळीवर ठेवू, पोटजात नको. भारतात हे दोन्ही प्रकार त्याच जातीखाली धरतात, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. काकांना मात्र हे रुचलं नाही, त्यांच्या मते तो ह्युग्लिनच, आणि अजूनही चहाला बसलो की तेच फोटो पुन्हा दाखवायला घेतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नोंदीवरची खूण गेली.

तोपर्यंत नांदूरला वेगळाच खेळ सुरू झालेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुरव दुसऱ्यांदा पिसं बदलतात, पण फक्त डोक्याची आणि अंगावरची, पंखाची नाही. त्यामुळे एकाच रांगेत पांढरी डोकी, ठिपकेदार डोकी आणि पूर्ण रंगलेली डोकी दिसतात. पूर्ण रंगल्यावर काळ्या डोक्याच्याचं डोकं गडद चॉकलेटी, आणि तपकिरी डोक्याच्याचं फिकट कॉफीसारखं, चेहऱ्याकडे अजून फिकट आणि मानेपाशी गडद कड. ती कड दिसली की डोळ्याचा रंग बघायचीही गरज उरत नाही. रंगलेलं डोकं आणि तरीही पंखावर तपकिरी पट्टा असेल तर तो पहिल्या वर्षाचाच, डोकं नवं पण पंख जुना. मला हे पक्षी फार आवडतात, एकाच अंगावर दोन ऋतूंची पिसं.

मार्चच्या शेवटाला मोठे निघून जायला लागले आणि एप्रिलच्या सुरुवातीला जे थोडे राहिले होते ते जवळपास सगळे पहिल्या वर्षाचे, पंखाची टोकं उन्हाने तपकिरी पडलेली, कडा फाटलेल्या. या वयाचे कुरव मोठ्यांच्या आधी पंख बदलायला लागतात, मे-जूनच्या सुमारास आतलं पी-१ गळतं आणि पंखाच्या मध्यावर खाच दिसते. आपल्याकडे उन्हाळ्यात मागे राहिलेल्या कुरवांचे तारखेसकट फोटो मला फार कमी सापडले. मे महिन्यात गंगापूर धरण, नांदूर किंवा जिल्ह्यातल्या कुठल्याही तलावावर तुम्हाला कुरव दिसला तर उडतानाचा एक तरी फोटो काढा, पुसट असला तरी चालेल, आणि ईबर्डवर टाकताना टिपणात पी-१ आहे की गळलंय तेवढं लिहा.